पाटी पुसायचं पाणी

दवाखान्यात एका बाईला पाणी दिलं, एवढंच झालं. पडद्यापलीकडे ती कोण होती ते मला दिसलं नाही. कळ आली की ती दातांतून एक लांब आवाज काढायची, कळ गेली की गप्प व्हायची, आणि अशाच एका गप्प वेळी ती म्हणाली, "पानी." मोठ्यानं नाही, मागून मिळणार नाही हे धरूनच माणूस जसं मागतं, तसं. मी बाकावर बसून माझं नाव पुकारण्याची वाट पाहत होते. खुर्शीदबी आयानं हातातली चादर खांद्यावर टाकली, माठातून गडवा भरला आणि ती पडद्याआड गेली. "उठ माय, जरा मान उचल. आहिस्ता. ठसका लागंल." मग पाणी पिण्याचा आवाज आला. घाईचे घोट, मध्ये श्वासाला थांबणं, पुन्हा घोट. त्या आवाजानं मी बाकावरून उठून उभी राहिले. शेजारच्या बाईनं विचारलं, "काय झालं वो? कळ आली का?" मी नाही म्हटलं. मला आठवा चालू होता. पुढे डॉक्टरीणबाईंनी तपासलं, नाडी धरली आणि विचारलं, "बाळंतपणाला इथं दाखल होणार, की माहेरी जाणार?" मी म्हटलं, "विचारून सांगते." बाहेर उन्हात आल्यावर लक्षात आलं, की ज्या माणसाला विचारायचं ते आता नाही.

अठ्ठेचाळीस सालचा चैत्र संपत आला होता. हिंगोलीच्या बाजारात निम्मी दुकानं बंद, उरलेल्यांचे दुकानदार बोलताना रस्त्याकडे बघत बोलायचे. दिवसच तसे होते. यांच्या नावानं संस्थानी सरकारचं वॉरंट निघाल्यापासून हे सरहद्दीपलीकडे वाशीमला होते, आणि मी जिथं शिकवायचे ती मुलींची शाळा बंद होऊन महिना झाला होता. आई माघात गेली. साखऱ्याला, माहेरच्या घरी, बाळंतिणीच्या खोलीत, मूल झाल्यापासून पाचव्या दिवशी, तापानं. मूल तिच्या आधीच गेलं होतं. ती एक्केचाळीस वर्षांची होती. पोटुशी बाईच्या कानावर असलं काही घालू नये म्हणून मला कळवलं ते तेरावं झाल्यावर. तिला दिवस गेलेत हेही मला माहीत नव्हतं. लेकीला दिवस गेले असताना आपणही पोटुशी असावं, याची तिला लाज वाटली असणार. शेवटच्या भेटीत ती सारखा पदर पोटावर ओढत होती आणि मला वाटलं होतं, थंडी वाजते आहे. आता पहिलं बाळंतपण माहेरीच झालं पाहिजे म्हणून माझ्या वडिलांनी, उकंडरावांनी, निरोप धाडला होता: चतुराआत्या गाडी घेऊन न्यायला येईल. आज किंवा उद्या. म्हणजे तीच खोली, तीच बाज. मी एकटी होते, दिवस वाईट होते, जाणंच शहाणपणाचं होतं. आणि जायची भीती वाटायला हवी होती, ती वाटत होतीही. पण भीतीच्या खाली दुसरं काहीतरी होतं, जे मला कुणाला सांगता आलं नसतं. मला त्या खोलीची ओढ होती.

मी पुष्कळ वाचलं आहे. वाशीमच्या वाचनालयातली दोन कपाटं मी ओळीनं संपवली होती. पुस्तकांत बाळंतपण नसतं. एका प्रकरणाच्या शेवटी नायिका लाजून खाली बघते आणि पुढच्या प्रकरणात मूल रांगतं. मधल्या कोऱ्या जागेत माझं सगळं लहानपण गेलं आहे. खोली ओसरीच्या टोकाला, गोठ्याला लागून. खिडकी नाही. दारावर कडुनिंबाचे डहाळे, उंबऱ्यावर विळा. आत एरंडेलाचा दिवा, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, तिच्यावर ओवा, वावडिंग आणि लसणाच्या साली टाकलेल्या. धूर छताला लागून खाली वळायचा आणि डोळ्यांत शिरायचा. बाजेवर गोणपाट आणि टाकून द्यायची लुगडी, कारण त्या दहा-बारा दिवसांत तिथल्या कुठल्याच वस्तूला घर पुन्हा हात लावणार नव्हतं. माणसालासुद्धा नाही. ताट दारातून काठीनं आत सरकवलं जाई. मी नऊ वर्षांची होते तेव्हा पहिल्यांदा मला आत ठेवलं, शेगडी फुंकायला आणि मूल रडलं तर झोका द्यायला. आत गेलं की बाहेर यायचं नाही; माझाही विटाळ. मला त्याचं वाईट वाटलं नाही. उलट मी हरखले होते. कारण आई निजली होती. एरवी मी आईला निजलेली कधी पाहिलीच नव्हती. मी उठायच्या आधी ती जात्यावर असायची आणि मी झोपले तरी तिच्या बांगड्या भांड्यांवर वाजत असायच्या. इथे तिला कुणी हाक मारत नव्हतं. तिच्या हाताचं कुणाला काही चालत नव्हतं. वर्षानुवर्षं जी बाई घरभर वाटून टाकलेली, ती दहा दिवस अख्खी माझी होती. तिच्या केसांना धुराचा आणि तेलाचा वास यायचा. ती माझा हात धरून आपल्या कपाळावर ठेवायची आणि म्हणायची, "तुझा हात गार हाय गं कौशे." आजही मला कुणी सुख म्हणजे काय विचारलं तर मला तो धूर आठवतो.

सुईण खतीजाबी. उंच, काळीसावळी, कमरेला तंबाखूची पिशवी. ती आली की खोलीत हसणं यायचं. "हर दो साल को बुलातेच तुम लोगां. अब मेरेकूच यहाँ झोपडी डालके देव ना सखुबाई, आने-जाने की तकलीफ तो वाचती." आई कळांमध्येही हसायची. "झोपडी कशाला, तूच ये माझ्या जागी." "ना माँ, ना. मेरा वालाच बहुत हुआ." मग खतीजाबी तिच्या मागे बसून तिची पाठ आपल्या गुडघ्यांवर घ्यायची. मला तोंड भिंतीकडे करून बसायला सांगायचे, मी बसायचे, आणि कान मात्र मागे. मूल बाहेर आलं की आई पहिल्यांदा काही विचारायची नाही. ऐकायची. मुलगा झाला तर बाहेर आत्या काशाची थाळी वाजवायची. किसनच्या वेळी वाजली, एकतीस साली. तेहतीस साली वाजली नाही, आणि आईनं डोळे मिटले, अन् खतीजाबी त्या मुलीला पुसता पुसता, कुणाला न ऐकू येईल असं, आपल्या बोटातल्या दोन अंगठ्या एकमेकींवर टकटक वाजवत राहिली. आई म्हणाली, "काय करून राहिली गं?" "थाली बजा रही ना. सुनो जरा, छोटी है, पर थालीच है." ती मुलगी वर्षभर जगली.

पाणी मात्र पाच दिवस मिळायचं नाही. हा आमच्याकडचा नेमच होता. बाळंतिणीच्या पोटात पाणी गेलं की अंगात वारं शिरतं, पोट सुटतं, दूध नासतं. सुंठीचा काढा दोन घोट, तुपात भिजवलेली भाकर, गूळ. खाली शेगडी, वर धूर, आणि चैत्र-वैशाख असला तरी कानाला फडकं बांधलेलं. खतीजाबी कधी दबक्या आवाजात म्हणायची, "थोडा देव, ओठ फाट गये उसके," पण ती बाहेरची. नाळ कापून, न्हाऊ घालून ती गेली की नेम आत्याचा. चतुराआत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. बाराव्या वर्षी विधवा होऊन परत आलेली, स्वतःला मूल नाही, आणि घरातली सगळी बाळंतपणं तिच्या ताब्यात. ती उंबऱ्याबाहेर बसायची, पाठ दाराच्या चौकटीला, तोंड अंगणाकडे. आत काय चाललंय ते ती बघत नसे. पण तिला ओलांडून एक थेंब आत जाणं शक्य नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी आईची जीभ टाळूला चिकटायची. ती बोलेनाशी व्हायची. ओठ हलायचे. मी शेगडी फुंकत तिच्याकडे बघत राहायचे.

पाटी मी स्वतःच आत नेली होती. मारुतीच्या देवळात एक गुरुजी पोरांना शिकवायचे, मी खांबाआड बसून शिकत होते, आणि दहा दिवसांत सगळं विसरेन अशी मला भीती होती. दुसऱ्या दिवशी पाटी भरली. मी दारात जाऊन म्हटलं, "आत्या, पाटी पुसायला पाणी पायजे." "थुका लाव अन् पूस." "गुरुजी म्हणतात थुका लावला की विद्या रुसती." आत्या उठली. थोड्या वेळानं तांब्या घेऊन आली, मी वाटी उंबऱ्याला लावली, आणि तिनं वरून, हात न लागता, धार सोडली. मी वाटी घेऊन वळले. आई माझ्याकडे बघत नव्हती, वाटीकडे बघत होती. ते कुणी ठरवलं नाही. तिनं तीन घोटांत वाटी रिकामी केली आणि तळाशी उरलेल्या ओलीत मी फडकं बुडवून पाटी पुसली. मग पाटी पुन्हा भरायला हवी होती, नाहीतर पुन्हा पाणी कसं मागणार? म्हणून मी अक्षरं काढायला लागले, आणि मी एकटीनं किती काढणार, म्हणून पेन्सिल आईच्या हातात दिली. ती पडल्या पडल्या, पाटी पोटावर टेकवून, दिव्याच्या उजेडात क गिरवायची. क झाला की वाटीभर पाणी. ख झाला की वाटीभर. पुढे पुढे वाटीचा तांब्या झाला. किसनच्या बाळंतपणात ती ट-ठ पर्यंत आली, मुलीच्या वेळी काना-मात्रा झाल्या, आणि पस्तीस साली, जे मूल एक रात्रच राहिलं त्याच्या वेळी, ती पाटीवर स्वतःचं नाव लिहून बराच वेळ बघत बसली होती. बाराव्या दिवशी खोली सारवून, न्हाऊन, ती बाहेर आली की पुन्हा जातं-चूल-शेण. अक्षराचं नाव नाही. बाहेर तिला वेळही नव्हता आणि कुणी बघितलं तर लाजही होती. तिची शाळा फक्त त्या खोलीत भरायची. तिला अक्षरं हवी होती, की पाणी हवं होतं, हे मी तिला कधी विचारलं नाही. मला वाटतं तिलाही ते वेगळं सांगता आलं नसतं. पस्तीस सालच्या दिवाळीनंतर मामानं मला शिकायला वाशीमला नेलं. त्यानंतर तिची आणखी तीन बाळंतपणं झाली, आणि हे शेवटचं. त्यांबद्दल मला वडिलांच्या पोस्टकार्डावरच्या एका ओळीपलीकडे काही माहीत नाही.

आत्या दुसऱ्या दिवशी सकाळी आली. सेनगावला मुक्काम करून, म्हाताऱ्या सोनाजी गड्याला घेऊन, गाडीवर सावलीला तट्ट्या बांधून. दारातच तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पोट खाली उतरलंय. अन् हाडं काहून अशी वर आली? जेवत न्हाईस का पुस्तकंच खाऊन राहिलीस?" मी वाकून पाया पडायला गेले तर तिनं खांदा धरला. "राहू दे, राहू दे. उठता येनार न्हाई मंग." ती थकली होती. तोंड लहान झालं होतं. आम्ही आईबद्दल काही बोललो नाही. तिनं चुलीचा धूर, दाराची कडी, न्हाणीतला घसरडा दगड, सगळ्यांना नावं ठेवली, आणि भाकरी स्वतः थापायला बसली. "रस्त्याला लई भेव हाय. जागोजाग इचारून राहिले, कोन हाय, कुठं चाल्ले. सोनाजी म्हने, बाळंतीन आनाया चाल्लो. तवा सोडलं. उन्हाच्या आदी निघू. सामान काय हाय तुझं?"

मी म्हटलं, "आत्या, मी अजून ठरवलं नाही."

"ठरवायचं काय त्यात? पयलं हाय. माहेरीच व्हतंय."

"इथं दवाखाना आहे."

"परपुरुषाच्या दवाखान्यात?"

"डॉक्टरीणबाई आहेत. आणि खुर्शीदबी म्हणून आया आहे."

"मंग आपली खतीजाबी मेली व्हय? हाय की अजून. डोळ्यानं दिसत न्हाई तिला, पर हाताला समदं दिसतं." ती भाकरी उलटत होती. मला तिच्याशी वाद घालायचा नव्हता. मला खरं म्हणजे तिनं मला न्यावं असंच वाटत होतं. ती बोलत होती आणि मला त्या धुराचा वास येत होता, आणि वाटत होतं की तिथं जाऊन त्या बाजेवर निजलं तर आई जवळच कुठेतरी असेल; मी डोळे मिटले तर माझा गार हात तिच्या कपाळावर असेल. माणूस मेलेल्या ठिकाणी जाऊन निजावंसं वाटणं हे बरं लक्षण नाही, हे मला कळत होतं. म्हणून मी आदल्या दिवसापासून मनात असलेली गोष्ट बोलून गेले. म्हटलं, "काल दवाखान्यात एका बाईनं पाणी मागितलं. कळा चालू होत्या. आयानं लगेच दिलं."

आत्याचा हात तव्यावर थांबला. "लगेच?"

"लगेच. उचलून पाजलं."

"अन् मंग? काय झालं तिला?"

"मुलगी झाली संध्याकाळी. मी आज सकाळी चौकशी केली. दोघी बऱ्या आहेत."

भाकरी जळाल्याचा वास आला. आत्यानं ती काढून बाजूला ठेवली, दुसरी थापायला घेतली नाही. पीठ लागलेले हात मांडीवर ठेवून ती भिंतीकडे बघत बसली. मग म्हणाली, "पाटीला तांब्याभर पानी लागतंय व्हय कुठं?"

मला आधी समजलं नाही.

"पयल्या दिशी वाटी. मंग दोन वाट्या. मंग तांब्या. मी काय येडी हाय? तेवढ्या पान्यात म्हैस धुतली असती."

"तुम्हाला माहीत होतं?"

"म्हाईत काहून नसंल? वतत व्हते ना मीच."

"मग कधी बोलला नाहीत."

"बोलले असते तं देता आलं नसतं." ती हे इतकं साधं बोलली, की जणू मीठ कुठं ठेवलंय ते सांगत होती. मग तिनं हातावरचं पीठ खरवडायला सुरुवात केली. एक एक बोट. "तू गेलीस तवापासून आत पाटीच न्हवती. ह्या टायमाला मंजुळेला बसवलं व्हतं शेगडीपाशी, किसनची बायको, तिला कुठं येतंय लिवाया. तिसऱ्या दिशी तुझ्या मायचं अंग तापलं. लई मागितलं तिनं. मी तांब्या भरून आनला, कौशे. दारात हुबी व्हते. किती येळ हुबी व्हते. काय म्हनून देऊ? कोनाच्या नावानं देऊ? उकंडा अंगनात, चार बाया बसलेल्या. मंग तांब्या तुळशीत वतला." तिनं शेवटचं बोट खरवडलं. "चवथ्या दिशी तिनं मागितलंच न्हाई."

मला राग आला असता तर बरं झालं असतं. राग कसा करायचा ते मी वाचलेलं होतं. अशा वेळी माणसं काय बोलतात ते मला पाठ होतं. त्यातलं एकही वाक्य माझ्या तोंडाशी आलं नाही. मला दिसत होती फक्त उंबऱ्याबाहेरची पाठ, पांढऱ्या लुगड्यातली, अंगणाकडे तोंड करून बसलेली, जी मी लहानपणी भिंत समजत होते. ती खोली आजवर मला आम्हां दोघींची वाटत आली होती. तिथं तिसरी होती. तिला मूल झालं नव्हतं, तिच्यासाठी थाळी वाजली नव्हती, न वाजल्याची शांतताही झाली नव्हती, आणि तीन बाळंतपणं ती बाहेर बसून आमच्या बरोबर चोरी करत होती, कुणाला न सांगता, स्वतःलाही न सांगता. एक पोर पाणी मागते, पोरीला पाणी दिलं: एवढ्या एका आडोशावर ते सगळं उभं होतं. तो आडोसा मी नेला. मामाच्या गाडीत बसताना मी पाटी छातीशी धरली होती, हे मला आठवलं, आणि मी ते मनातून बाजूला ठेवलं, पुढं कधीतरी बघण्यासाठी. तापलेल्या बाईला पाणी मिळालं असतं तर ती वाचली असती का, हे मला माहीत नाही. डॉक्टरीणबाईंना विचारता येईल. मी विचारणार नाही. पण एक झालं: मला ओढणारी ती खोली एकाएकी लांब गेली. आई तिथं नव्हती. तिथं एक बाज होती आणि शेगडी होती, आणि आता मी तिथं निजले, तर चतुराआत्याला पुन्हा त्या दारात तांब्या घेऊन उभं राहावं लागणार होतं.

बाहेरून सोनाजी ओरडला, "चतुराबाय, उन्हं चढून राहिली! जुपू का न्हाई?"

आत्या उठली. गुडघ्यावर हात देऊन, भिंतीला धरून. मी म्हटलं, "आत्या, मी येत नाही."

"व्हय," ती म्हणाली. जणू ते तिनं माझ्या आधीच ऐकलं होतं. पदर डोक्यावर घेतला, जोडे शोधले, एक जोडा पायात घातला. दुसरा हातात घेऊन उंबऱ्यात थांबली. "डोहाळेजेवनाचं लुगडं हाय गाडीत, ते उतरून घे. अन् दिस भरले की कोनाला तरी सोबत ने. येकली जाऊ नको."

"सोबतीला कोण आहे मला इथं?" मी म्हटलं. आणि मग जे गेले कित्येक दिवस कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं. "मला भीती वाटते, आत्या."

ती माझ्याकडे वळली नाही. अंगणाकडेच बघत होती. उन्हात बैल माना हलवत उभे होते, सोनाजी त्यांना जुंपून वाट बघत होता.

"मला बी वाटती," आत्या म्हणाली. मग पायातला जोडा काढला. "सोनाजी, बैलं सोड."